अंजलीचा फोटो

“माझ्या पोरीचा फोटो हाय म्हने तुमच्याकडं.”

जीवन पगारेने मायक्रोस्कोपवरून मान वर केली. लॅबच्या दारात एक बाई उभी होती, काखेत फुलांची रिकामी टोपली. गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून जीवनची बारा वर्षं गेली होती, पण त्याच्या दारात कधी माणसं येत नसत. यायचे ते तपासणीसाठी बाटलीतले तुकडे.

“कोणाचा फोटो?”

“अंजलीचा. मी चंद्रभागा, तिची आई. मागच्या पोळ्याला वारली ती. दोन वर्सांची व्हती. वॉर्डातल्या सरुबाई म्हनल्या, डॉक्टर लोक तिचा फोटो लावून शिकवत्यात.”

जीवनला लगेच आठवलं. ताप, उलट्या, दोन दिवस पोटात अन्न नाही, आणि हॉस्पिटलात आणल्यावर तासाभरात मुलगी गेली. कारण कळेना म्हणून लॅबच्या डॉक्टर साधना मॅडमनी बापाची परवानगी घेऊन सुईने तिच्या काळजाचा, म्हणजे यकृताचा, बारीकसा तुकडा काढला होता. नेहमीसारखा मेणात घातला असता तर त्याआधीच्या रसायनांच्या धुण्यातच त्यातली चरबी विरघळून गेली असती, काचेवर नुसती भोकं उरली असती. म्हणून जीवनने तो गोठवून कापला, चरबीला धरणारा लाल रंग दिला आणि खालून उजेड सोडला. थेंबच थेंब! मॅडम हळूच म्हणाल्या होत्या, “साठलेली चरबी हिच्या शरीराला वापरताच येत नसावी. उपाशी राहिली आणि संपलं.” जीवनने कॅमेरा चढवून फोटो काढला. तितका स्वच्छ फोटो त्याला पुन्हा कधी जमला नाही. त्याचा त्याला अभिमान होता. नाव मात्र आज कळत होतं. वहीत नुसता नंबर होता.

“बाई, तो चेहऱ्याचा फोटो नाही.”

“मंग?”

“काळजाचा आहे. आतला.”

“माझ्याकडं तिचा एकबी फोटो नाय, भाऊ. जत्रंत काढू म्हनलं व्हतं. दावा तेवढा.”

त्याने खणातल्या पाकिटातून फोटो काढला. तिने हात पदराला पुसले आणि तो कडांनी धरला.

“हे लाल काय?”

“चरबी. रंग आम्ही दिलाय.”

“चरबी म्हंजी खाल्लेलं ना?” तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. “सासू म्हनती, म्या पोर उपाशी मारली.”

रिपोर्टबद्दल पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं ते मॅडमनी; जीवनने हा नियम कधी मोडला नव्हता.

“हे सगळं तुम्ही भरवलेलंच आहे,” तो म्हणाला. “अंगात भरपूर होतं. तिच्या अंगाला ते वापरता येत नव्हतं, बहुतेक जन्मापासूनच. तुमचं काही चुकलं नाही. मॅडमनी सांगितलं नाही का?”

“मालकांना सांगितलं असंल. मला कोन सांगतं?”

ती रडली नाही. थेंबांवरून नजर फिरवत राहिली. जीवनने दुसरी प्रत शोधून तिच्या हातात ठेवली. “ही तुम्हाला. आणि पुढं दिवस राहिले तर आधी मॅडमना येऊन भेटा. नक्की या.”

तिने मान हलवली. फोटो एकदा आडवा धरला, एकदा उभा.

“भाऊ, वरची बाजू कंची?”

काच कशीही ठेवा, तिथे वर-खाली काही नसतं. त्याने फोटो परत घेतला, जरा वेळ पाहिला आणि पाठीमागे एका कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘वर’ असं लिहिलं.

“ही,” तो म्हणाला.

चंद्रभागेने टोपली काखेत घट्ट दाबली. फोटो छातीशी सरळ, ती बाजू वर ठेवून धरला आणि एकेक पायरी बघत जिना उतरू लागली.