कोलोसियमवरचं पान

श्यामबुवांनी जन्मभर दोनच गोष्टी जीव ओतून केल्या. दिवसा फलटणच्या शाळेत इतिहास शिकवला आणि संध्याकाळी, जिथून बोलावणं येईल त्या देवळात कीर्तन केलं. रोमचा धडा आला की ते हातात खडू घ्यायचे आणि बघता बघता फळ्यावर कोलोसियम उभं राहायचं, कमानीवर कमान, मजल्यावर मजला. पुढच्या तासाला गणिताचे सर डस्टर घेऊन ताटकळत उभे, पण पोरं पुसू द्यायची नाहीत. "एकदा हे डोळ्यांनी बघायचं आहे रे," असं बुवा दरवर्षी म्हणायचे. वर्गातली पोरं विसरून गेली. घरातलं पोर विसरलं नाही, एवढं श्रेय सुशीलला दिलंच पाहिजे.

विसरला नाही, पण करायला गेला एक आणि झालं भलतंच.

सुशील तोक्योत, फुनाबोरीला राहतो. कंपनीच्या कामावर आला, रुळला. आतेभाऊ वरदच्या लग्नाला सांगलीला गेला होता तेव्हा भर पंगतीत बोलून बसला, "यंदा बाबांना रोम दाखवणार. माझ्याकडे जपानला येतील, तिथूनच उडवतो युरोपला." शैलजाआत्याने तिथल्या तिथे टोला हाणला, "उडवशील बाबा. आधी जिलबी संपव, मग विमान काढ." सगळी पंगत हसली. सुशीलही हसला, पण ते हसू त्याच्या घशात काट्यासारखं राहिलं.

बुवा आले. आणि घोडं अडलं ते इथेच. पाहुणा म्हणून जपानात आलेल्या माणसाला इथून युरोपचा व्हिसा मिळणं अवघड, तो मायदेशातूनच काढून आणायचा असतो, ही साधी गोष्ट सुशीलने बाबा नारिता विमानतळावर उतरल्यावर शोधली. दिवसभर मोठमोठ्या यंत्रणा जुळवणारा माणूस, पण बापाच्या कामात इतका ढिसाळ! बुवा म्हणाले, "अरे, राहू दे. जपान काय कमी आहे? तुमच्या इथे आगगाडी येते ती बघूनच माझं पोट भरतं."

सुशीलचं भरेना. मग नोव्हेंबरात एका रविवारी तो सगळ्यांना घेऊन निघाला. डोंगराच्या पायथ्याशी एक उद्यान आहे. जगभरातल्या नामांकित इमारती तिथे छोट्या करून मांडल्यात. त्यात रोमचाही एक कोपरा. संत पीटरच्या चर्चचा घुमट, त्रेवीचं कारंजं, मुंगीएवढी माणसं आणि मधोमध बुवांच्या छातीला लागेल एवढं कोलोसियम.

बुवांना काय आनंद झाला म्हणता! कठड्याला धरून ते त्या कोलोसियमभोवती दोनदा फिरले. नातीला, पूर्वीला, हाताला धरून. आजोबा मराठीत सांगायचे, ती जपानीत प्रश्न विचारायची, आणि दोघांचं कुठे अडायचं नाही. "ही बघ, ही बाजू पडली आहे ना, ती मी फळ्यावर नेहमी चुकवायचो," असं बुवा म्हणाले आणि स्वतःच्याच चुकीवर खुदखुदून हसले.

तेवढ्यात सुशीलच्या फोनवर आत्याचा निरोप वाजला. घरच्या ग्रुपवर, सगळ्यांसमक्ष. "काय रे सुशील, रोम कुठवर आलं? का तुझं विमान जपानातच पंक्चर झालं?" खाली पाच-सहा जणांचे हसरे चेहरे.

घशातला काटा वर आला. "बाबा, जरा इथे उभे राहा," सुशील म्हणाला आणि चक्क जमिनीवर पालथा पडला. कठड्याचे गज बुवांच्या पाठीआड लपवून, अगदी खालून, त्याने असा नेम धरला की बुवांच्या मागे कोलोसियम आभाळाला भिडलं. मिताली, त्याची बायको, म्हणाली, "अहो, लोक बघतायत. उठा." बुवा म्हणाले, "लोळू दे गं. लहानपणी लोळायला वेळ मिळाला नाही त्याला." आणि तिने हसत हसत तिच्याही फोनवर एक फोटो काढून ठेवला.

सुशीलने आपला फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बाबा रोममध्ये." मनाशी म्हणाला, यात खोटं काय? पाटीवर रोमच लिहिलंय. माणूस खोटं बोलतो तेव्हा पहिली साक्ष स्वतःचीच काढतो.

सांगलीत जणू दिवाळीच झाली. आत्याने लिहिलं, "पोरा, जिंकलंस. माझे शब्द मागे घेते." ते वाचून सुशीलला गार वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बुवांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा साधा फोन फलटणलाच कपाटात होता.

डिसेंबरात दत्तजयंती आली. फुनाबोरी, उरायासु, योकोहामा, कुठकुठली मराठी मंडळी जमायची होती, आणि कीर्तनाला बुवा आयते घरात. सकाळी चहा पिता पिता बुवा म्हणाले, "आज आख्यान अनसूयेचं. आणि दृष्टांत कोणता देणार सांगू? तुझं ते रोम!"

सुशीलचा कप हातातच राहिला.

"बघ हं," बुवा रंगात आले. "अनसूयेने तिन्ही देवांची बाळं केली, पाळण्यात मावतील एवढी. म्हणून देव खोटे झाले का? लहान असणं म्हणजे खोटं असणं नव्हे. खोटं ते, जे लहान असून मोठं म्हणून मिरवतं! कसं वाटतं?"

"बाबा," सुशील म्हणाला, "तो दृष्टांत नको. इथल्या लोकांना... नाही पोचणार."

बुवांनी चष्म्यावरून पाहिलं. इतकी वर्षं कीर्तन केलेल्या माणसाला काय पोचतं आणि काय नाही हे मुलाने सांगायचं! पण ते एवढंच म्हणाले, "तू म्हणतोस तर नको. इथली माणसं तुला ठाऊक."

ते इतक्या सहज ऐकतील असं सुशीलला वाटलं नव्हतं. त्यांनी भांडायला हवं होतं.

वॉर्डाच्या सभागृहातल्या तातामीच्या चटयांवर मंडळी बसली. बाहेर चपला-बुटांच्या जपानी शिस्तीतल्या रांगा, आत बुक्क्याचा आणि सुंठवड्याचा वास. बुवा पगडी-उपरण्यात उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, आणि ऑफिसात दिवसभर मान मोडून बसणारी ती माणसं पाठीचे कणे ताठ करून ऐकू लागली. पूर्वरंग रंगला. सुशील मागे झांज धरून उभा होता.

मध्यंतर झालं. नामाचा गजर सुरू असताना बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, ही रीत. हार घातला राजीवने. हा विद्यापीठात संशोधन करणारा, मंडळाचा उत्साही गडी. हार घालून तो खाली बसला असता तर काही झालं नसतं. पण त्याने माईक हातात घेतला.

"मंडळी, एक आनंदाची बातमी! बुवा नुकतेच रोमचा प्रवास करून आले. जन्मभराची इच्छा सुशीलने पूर्ण केली. असा मुलगा सगळ्यांना मिळो! आमच्या नयनाचं माहेर सांगलीचं, तिला आईकडून फोटो आला. नयना, लाव गं."

सांगलीत शिंकलं की फुनाबोरीत 'सत्य' म्हणायला माणूस हजर! पांढऱ्या पडद्यावर बुवा झळकले आणि त्यांच्या मागे, आभाळाएवढं कोलोसियम. टाळ्या पडल्या.

सुशीलला झांज जड झाली. फोनवर टिचभर दिसणारा तो फोटो इथे भिंतभर झाला होता, आणि त्यात आजवर कोणी न पाहिलेली गोष्ट त्याला आता स्पष्ट दिसली. कोलोसियमच्या वरच्या मजल्यावर मोमिजीचं, म्हणजे जपानी मेपलचं, एक लाल पान पडलं होतं, पाच बोटांचं. एका पानाखाली दोन कमानी झाकल्या होत्या.

बुवांनीही ते पाहिलं. ते पडद्याकडे बघत राहिले, मग मागे वळून त्यांनी सुशीलकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं. फळ्यावरचं गणित चुकलेल्या हुशार पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

आता बुवा काय करणार? उभे कुठे आहेत, तर नारदाच्या गादीवर. तिथे उभा राहिलेला माणूस राजालाही वाकत नाही आणि लेकरासाठीही खोटं बोलत नाही. खरं बोलले तर भरल्या सभेत मुलाची लाज जाणार. सुशीलने डोळे मिटून घेतले.

"राजीवराव," बुवांचा आवाज आला, "टाळ्या परत घ्या. मी रोम पाहिलं, पण ते इथलंच. गाडीने जाऊन संध्याकाळी जेवायला घरी येता येतं! माझ्या छातीएवढं आहे. त्या कोलोसियमवर पान दिसतंय ना? फोटो झाल्यावर मीच हात लांब करून उचललं आणि नातीला दिलं."

हसण्याची लाटच आली. राजीव कपाळाला हात लावून म्हणाला, "पण बुवा, सांगलीहून तर..."

"सांगलीला माझी बहीण असते. तिला लहानपणापासून माझं सगळं मोठंच दिसतं."

सभा पुन्हा हसली. नयना मात्र हसली नाही. फोटोसोबत आलेली सुशीलची ओळ तिने वाचली होती. तिने सुशीलकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली वळवली. त्या वळलेल्या नजरेने त्याचे कान तापले.

"आता विषय निघालाच आहे," बुवा म्हणाले, "तर ऐका. अनसूयेने तिन्ही देव पाळण्याएवढे केले, म्हणून ते खोटे झाले का? लहान असणं म्हणजे खोटं असणं नव्हे."

आणि ते थांबले. पुढचं वाक्य सुशीलला पाठ होतं, सकाळीच ऐकलं होतं. सभेतल्या कोणाला ठाऊक नव्हतं की इथे एक वाक्य कमी आहे. बुवांनी ते गिळलं, चिपळ्या उचलल्या आणि थेट पाळणा धरला.

सुशीलची झांज चुकली. पुन्हा चुकली. तबलेवाल्याने मान वळवून पाहिलं. बापाने आयुष्यात कधी कीर्तनातला शब्द कोणासाठी खाल्ला नव्हता, सरपंचासाठी नाही, संस्थेच्या अध्यक्षासाठी नाही. आज खाल्ला.

आरती झाली. मंडळी एकमेकांना बुक्का लावून भेटू लागली. सुशील सगळ्यांच्या शेवटी बुवांपुढे गेला आणि वाकला. बुवांनी त्याला उठवून छातीशी धरलं.

"ताल चुकला तुझा," ते हळूच म्हणाले.

"हो, बाबा."

"घरी गेल्यावर बसू. आणि सकाळी मला सांगितलं असतंस, तर सांगलीला आधीच फोन केला असता."

एवढं बोलून ते वळले. सुंठवडा वाटायला ते मुलांमध्ये जाऊन बसले.

सुशील सभागृहाच्या छोट्या स्वयंपाकघरात आला. मिताली भांडी विसळत होती. तिच्या पाठीला सगळं कळलेलं दिसत होतं.

"तू त्या दिवशी काढलेला फोटो दे," तो म्हणाला.

तिने हात पुसले. "विचार करून मागताय ना? आत्या फाडून खातील."

"दे."

त्या फोटोत सगळं होतं. कठडा, पाटी, छातीएवढं कोलोसियम, वर लाल पान, बाजूला खळखळून हसणारे बाबा. सुशीलने तो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "बाबांना मी रोमला नेलेलं नाही. हे खेळण्यातलं रोम आहे. आधीचा फोटो मी फसवून काढला होता. बाबांना माहीत नव्हतं."

एकेकाने वाचल्याच्या खुणा उमटत गेल्या. सभागृहातून बुवांचं आणि पोरांचं हसू ऐकू येत होतं. मग आत्याचा निरोप आला.

"अरे, फोटोत खाली जमिनीवर पालथा कोण पडलाय?"

सुशीलने मोठ्या कष्टाने अक्षरं दाबली.

"मी, आत्या."