डाव्या-उजव्याचा रकाना

हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून बिलं पाठवणाऱ्या ताई म्हणजे कामाला वाघ. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पुढच्या टेबलावरच्या रिसेप्शनिस्टने कुणाच्या जन्मतारखेत आकडा इकडचा तिकडे केला, की आतून हाक आलीच, "अगं, या आजोबांना तू सहा वर्षांचं केलंस! गुडघा बदलायच्या आधी दुधाचे दात तरी पडू देत त्यांचे!"

अशा या बाईकडून दर गुरुवारी एक चूक व्हायची, आणि दर वेळी तीच.

बिलं जायची कॉम्प्युटरवरून, थेट विमा कंपनीला. पेशंटचा नंबर, आजाराचा कोड, उपचाराचा कोड आणि सगळ्यात खाली एक इवलासा रकाना: डावा की उजवा. हाडवाल्यांचं बहुतेक सगळं जोडीनंच असतं ना, गुडघा काय, खांदा काय. तो रकाना कोरा राहिला की कंपनीचा कॉम्प्युटर बिल परत पाठवायचा. संध्याकाळच्या आत स्क्रीनवर लाल ओळ उमटायची. ताई ती बघायच्या आणि खुशाल घरी जायच्या. शुक्रवारी अकराच्या सुमारास फोन वाजायचा.

"चारशे बारा?" हा दवाखान्याचा कंपनीतला नंबर.

"बोलतेय."

"पुन्हा गुडघा आहे. डावा की उजवा?"

पलीकडचे गृहस्थ परत गेलेल्या बिलांच्या टेबलावर बसायचे. आवाज बसका, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. फोनवर नाव सांगायची त्यांना बंदी होती. पहिल्या वेळची चूक खरीच होती. साडेतीन वर्षांपूर्वी, आईला जाऊन जेमतेम महिना झाला होता. चौदा वर्षं आईचं औषधपाणी, उठबस सगळं ताईंनी एकटीने केलं, त्यात लग्नाचं वय कधी निघून गेलं तेही कळलं नाही. त्या दिवशी गृहस्थ सहज म्हणाले, "आज लक्ष दिसत नाही तुमचं," आणि ताई हमसून हमसून रडल्या. अनोळखी माणसापुढे! गृहस्थांनी फोन ठेवला नाही. रडणं ओसरेपर्यंत थांबले.

पुढच्या आठवड्यात चूक नाही, म्हणून फोन नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात ताईंनी रकाना मुद्दाम कोरा सोडला.

जाणूनबुजून हो! तेही नीट बघून, ज्या पेशंटचं काही अडणार नाही असंच बिल निवडून. चार-पाच मिनिटांचं बोलणं. गृहस्थांच्या खिडकीसमोर आठ मजले उठले आणि ऊन गेलं, हे ताईंना माहीत. ताईंचा नळ रात्रभर ठिबकतो, हे त्यांना माहीत. दादाचाही फोन यायचा, नाही असं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो "सगळं ठीक ना?" विचारायचा, "ठीकच असणार" असं स्वतःच म्हणायचा आणि मागून वहिनी ओरडायची, "जेवायला या म्हणावं कधीतरी!" कधीतरी म्हणजे कधी, ते कुणीच सांगायचं नाही.

मग एके दिवशी डॉक्टर उड्या मारतच आत आले. "ताई, सोमवारपासून नवी सिस्टीम! रकाना कोरा असला तर बिल जाणारच नाही. तुमची ती गुरुवारची चूक कायमची मिटली!"

ताई नुसत्या तोंडाने म्हणाल्या, "बरं झालं बाई."

त्या गुरुवारी त्यांनी एका खांद्याचा रकाना कोरा ठेवला आणि मनाशी ठरवलं: उद्या नाव विचारायचं आणि घरचा नंबर द्यायचा. वाक्य पाठ केलं. भांडी घासताना म्हणून बघितलं, जिना उतरताना म्हणून बघितलं.

फोन आला. "चारशे बारा? सोमवारपासून नवी सिस्टीम तुमच्याकडे."

"हो ना."

गृहस्थांनी घसा खाकरला. परत एकदा खाकरला. "म्हणजे आता चूक व्हायची नाही."

"नाही व्हायची."

हे फोन नोंदवले जातात, नाव सांगितलं तर त्यांनाच बोलणी बसतील, असं ताईंनी स्वतःला समजावलं. खरी भीती वेगळीच होती. ते म्हणाले, "बाई, हे तर माझं कामच आहे," तर?

"खांदा उजवा," ताई म्हणाल्या.

"उजवा. लिहून घेतलं." फोन मात्र चालूच.

"ठेवते," ताई म्हणाल्या.

ठेवते! इतकी वर्षं जीव टाकायचा आणि वेळ आली की ठेवते. काय म्हणावं या बाईला!

पुढच्या शुक्रवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ताईंनी रिसीव्हर उचलून लाईन चालू आहे का ते दोनदा पाहिलं. बारा वाजता लाज गुंडाळून ठेवली आणि कंपनीला स्वतः फोन लावला. हे बटण दाबा, ते बटण दाबा करत शेवटी एक मुलगी बोलायला आली.

"बसक्या आवाजाचे? आमचे काका ते. गेल्या शुक्रवारी रिटायर झाले. काही तक्रार होती का?"

"तक्रार कसली! बिल परत गेलं की फोन करायचे ना ते, म्हणून..."

"फोन?" मुलगी बुचकळ्यात पडली. "ती पद्धत कधीच बंद झाली, ताई. मला इथे तीन वर्षं झाली, कुणीच फोन करत नाही. बिल आपोआप परत जातं, कारण स्क्रीनवर येतं." मग एकदम थांबून म्हणाली, "तुम्ही चारशे बारा का?"

"हो."

"काका त्या दिवशी साडेसहापर्यंत बसून होते. सारखे विचारायचे, चारशे बाराचा फोन आला का? आम्ही म्हटलं, काका, दवाखाने आपल्याला कशाला फोन करतील?"

ताईंनी पेन उचललं. "त्यांचा नंबर?"

"नाही देता येत हो."

"नाव तरी?"

"ताई, हा फोन नोंदवला जातोय."

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "मग माझं नोंदवून घे. त्यांना कधी भेटलीस तर दे." नोकरीच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या कंपनीला स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग घरचा नंबर, एकेक आकडा सुटा करून. पलीकडे मुलगी हं, हं करत होती. लिहून घेत होती की नुसतीच ऐकत होती, कुणास ठाऊक. ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.