एका ताटाला एक डाव

मी वाढायचा डाव. लांब दांड्याचा, खोल वाटीचा, आणि सध्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरामागे, मोरीतल्या खिळ्याला टांगलेला. इथूनच बोलतोय. मोरीत आहे म्हणून माझी कीव करू नका. आयुष्यात पहिल्यांदाच मला इतकं हलकं वाटतंय.

माझा जन्म भांडी घडवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. ओतकामाच्या कारखान्यातले मुख्य आचारी एक वाडगा घेऊन त्याच्याकडे आले होते. म्हणाले, "या वाडग्यात मावतं तेवढं एका खेपेत आलं पाहिजे, असा डाव करून दे."

कारागिराने वाडगा उलटसुलट करून बघितला. "म्हणजे तुम्हाला डाव नको, घमेलं हवंय."

"भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा माणूस माझ्याकडे जेवायला येतो," आचारी म्हणाले. "त्याला पुन्हा रांगेत उभं करायचं नाही. एका ताटाला एक डाव. त्यात त्याचं पोट भरलं पाहिजे."

असा मी घडलो. चांगला जाड पत्रा, दांड्याला तीन रिव्हेटा. कारखान्याच्या जेवणघरात मी वीस वर्षं वाढलं. माणसं यायची ती घामाने भिजलेली, बोलायचंही त्राण नसलेली. माझा एक डाव ताटात पडला की खांदे सैल व्हायचे. ताटं परत यायची ती अशी चाटूनपुसून, की धुणारा म्हणायचा, "मला पगार कशाचा देता?"

शेवटचं ताट वाढताना मी मोठ्या पातेल्याच्या तळाला घासायचो. खर्रकन आवाज व्हायचा. आचाऱ्यांना तो आवाज फार आवडायचा. तो ऐकला की हात पुसत म्हणायचे, "जेवली सगळी." मगच ते स्वतःचं ताट घ्यायचे.

पुढे तो कारखाना बंद पडला. आचाऱ्यांचंही वय झालं होतं. मला पंच्यात गुंडाळून ते घरी घेऊन गेले. त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झाली होती. तिला हाडांच्या रुग्णालयात मुख्य स्वयंपाकिणीची जागा मिळाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "एका ताटाला एक डाव. हे माप चुकवू नकोस. तुला कधी खाली बघावं लागणार नाही."

तिने ते अकरा वर्षं चुकवलं नाही. सगळे तिला ताई म्हणत. ताईचा सगळा हिशोब माझ्यावर चाले. एकशे ऐंशी ताटं, म्हणजे एकशे ऐंशी डाव, वर दहा. भात तेवढा, भाजी तेवढी, डाळीचं पाणीसुद्धा माझ्याच मापाने. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

वाढायला वाढपीकाका होते. तेही त्या कारखान्यातूनच आलेले. इथे रांग नव्हती. लांब ओट्यावर ताटं मांडलेली, काकांनी माझ्याने भरत जायचं, मागून एकीने झाकणं ठेवत जायचं. मग ताटं ढकलगाडीवरून वॉर्डात जायची आणि तासाभराने परत यायची ती थेट मोरीत. रांधणाऱ्यांनी खाणाऱ्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत.

मोरीत दोन निळी पिंपं होती, खरकट्याची. दुपारपर्यंत दोन्ही काठोकाठ भरत. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. रुग्णालय म्हटलं की ताटात उरायचंच. मीही तसंच समजत होतो. माझं काम वाढायचं, उरलं तर ताटाने बघावं.

गेल्या वर्षी नव्या व्यवस्थापक बाई आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. आठवडाभर रोज येऊन पिंपांपाशी उभ्या राहत, बघत आणि निघून जात. आठव्या दिवशी त्यांनी ताईला बाजूला बोलावलं.

"वरून ठरलंय. महिनाअखेरीपर्यंत हे निम्म्यावर आलं नाही, तर हे स्वयंपाकघर बंद आणि जेवण बाहेरून बंद डब्यांत. मला ते नकोय. पण मला ते थांबवताही येणार नाही."

स्वयंपाकघरात नऊ माणसं होती. ताईने हे सगळ्यांना सांगितलं आणि कांदा चिरायला बसली. बराच वेळ ती कांदाच चिरत होती, त्यामुळे डोळ्यांचं कुणी विचारलं नाही.

तिने एकच अर्थ काढला. आपल्या हाताची चव गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने मसाला बदलला, फोडणी बदलली, मीठ कमी केलं, पुन्हा वाढवलं. पातेल्यापातेल्यातून इतक्या वेळा चाखून बघू लागली की दुपारी तिला स्वतःला भूक नसे. पिंपं मात्र भरतच होती.

मोरीत भांडी घासायला एक मावशी होत्या. सगळे त्यांना मोरीमावशी म्हणत. एक दिवस त्या ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, लहान तोंडी मोठा घास घेते. चव बिघडली असती, तर माणूस दोन घास खाऊन ताट सरकवतो. मी घरी काही नवं केलं की आमचे हे तसंच करतात. इथे प्रत्येकजण निम्म्यावर थांबतोय. भाताचा ढीग एका बाजूने नीट खाल्लेला, दुसरी बाजू जशीच्या तशी. त्यांना जास्त होतंय."

वाढपीकाकांना ते झोंबलं. "म्हणजे मी कमी वाढू? ताटाचं बूड दिसलं की माणसाला वाटतं, आपण नकोसे झालो. असं मोजूनमापून वाढायला हा काय दवाखाना आहे?"

"मग काय आहे?" मावशींनी विचारलं.

कित्येक दिवसांनी ताई हसली. पण लगेच गंभीर होऊन म्हणाली, "माप बदलायचं नाही, मावशी. बाबांचं माप आहे ते."

मी ओट्यावर पडल्या पडल्या फुगलो. माझी बाजू घेतली गेली होती. आज ते फुगणं आठवलं तरी दांड्यापर्यंत लाज वाटते.

त्याच आठवड्यात ताईचे बाबा घराच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना इथेच आणलं. पुरुषांच्या वॉर्डात सतरा नंबरचा पलंग. ताई त्यांचं ताट स्वतः वाढू लागली, माझ्याने, काठोकाठ.

सतरा नंबरचं ताट लख्ख होऊन परत येई. ताई ते मावशींना मुद्दाम दाखवायची. "बघा. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, मोडलेला खुबा, आणि शीतही उरलेलं नाही. माप बरोबर आहे."

मावशी पुढचं ताट घासायला घेत. दुसरी पावणेदोनशे ताटं त्यांच्यासमोर असत.

चार दिवसांनी वाढायच्या वेळेलाच वॉर्डातली सिस्टर वर्तमानपत्राचा एक पुडा घेऊन आली. "ताई, तुमच्या वडिलांच्या कपाटाला मुंग्या लागल्यात."

पुड्यात भात होता, भाजी होती, कालचा आणि परवाचा.

ताई तशीच निघाली. मी तिच्या हातातच होतो आणि मला खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा वॉर्ड पाहिला. कुणाचा पाय वर टांगलेला, कुणाचा हात गळ्यात. बहुतेक जण छताकडे बघत पडलेले. पलीकडच्या पलंगावरचा माणूस झाकलेल्या ताटाकडे असा बघत होता, जसं मूल गृहपाठाच्या वहीकडे बघतं.

"बाबा, हे काय?"

आचाऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुझं ताट परत कसं पाठवू? मोरीतली माणसं म्हणतील, बापालाच लेकीचं जेवण उतरत नाही."

"खरं सांगा. माझ्या हाताची चव गेलीय का?"

"चव माझ्यापेक्षा बरी आहे तुझी. म्हणून तर पंचाईत. संपवत नाही आणि टाकवत नाही." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "अजून यानेच वाढतेस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत. एका ताटाला एक डाव."

"अगं, तो भट्टीवरच्या माणसांचा डाव. त्यांना जेवताना आठ दिवस बघितलं, तेव्हा कुठे मी वाडगा निवडला. तू कोणाकडे बघून वाढतेस?"

ताईने हातातल्या माझ्याकडे बघितलं. "झाकणांकडे," ती म्हणाली.

वॉर्डातून परत येताना तिची चाल बदललेली होती. अपराधी मी ठरलो होतो, ती नाही. तिच्या हाताची चव जागच्या जागी होती. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, माझ्यामुळे इतके दिवस ती स्वतःचा हात तपासत बसली होती, ते थांबलं याचंच मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक छोटा डाव आला, माझ्या जेमतेम निम्म्या मापाचा. मला मोडीच्या खोक्यात टाकायला निघाले, तेव्हा मोरीमावशी आडव्या आल्या.

"मोडीत कशाला? मला द्या. व्यवस्थापक बाई विचारतील किती कमी झालं, तेव्हा काय हातवारे करून सांगायचं? मी याने पिंपातलं मोजते."

अशी माझी बदली झाली. जो अन्न वाढायचा, तो आता खरकटं मोजू लागला. जुन्या मापाच्या शेवटच्या दिवसाची पिंपं अजून रिकामी केली नव्हती, ती मावशींनी आधी मोजली. शहाण्णव डाव. त्यांनी मोरीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. म्हणजे अठ्ठेचाळीसवर यायचं होतं, आणि हातात होते बारा दिवस.

छोट्या डावाच्या पहिल्या दिवशी मोजलं, तर एक्क्याण्णव.

मावशी मला हातात धरून सरळ ओट्यापाशी गेल्या. "काका, डाव बदलला. हात नाही बदलला."

काकांनी मान खाली घातली. प्रत्येक ताटात ते गुपचूप दोन-दोन डाव घालत होते. "रिकामं दिसतं हो," ते पुटपुटले. "कुणीतरी म्हणेल, पाखरांना घालताय का."

ताई रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः एकेक डाव वाढला आणि ताटं गेल्यावर पातेलंच ढकलगाडीवर ठेवलं. काकांना म्हणाली, "आता तुम्ही मागून जा. प्रत्येकाला विचारायचं, आणखी हवं का. मागेल त्याला वाढा, हवं तितकं वाढा. पण तोंडाकडे बघून."

काका कुरकुरत गेले. परत आले ते वेगळेच. ओट्याला टेकून सांगू लागले. खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या होत्या, "रोज टाकताना पाप केल्यासारखं वाटायचं. आज पहिल्यांदा ताट संपलं." आणि एका ट्रक चालवणाऱ्याने तीनदा मागून घेतलं होतं. काकांनी भुवया उंचावल्या, तर तो म्हणाला, "प्लास्टर पायाला आहे काका, पोटाला नाही."

"एकशे ऐंशींतल्या एकेचाळीस जणांनी मागितलं," काका म्हणाले. "बाकीचे नको म्हणाले, पण हसून."

त्या दिवशी भिंतीवर सत्तर लिहिलं गेलं. मग अठ्ठावन्न. मग पुन्हा चौसष्ट, कारण ताईने जुन्या सवयीने भात जास्त टाकला होता आणि काकांना पातेलं रिकामं केल्याशिवाय परत येववत नव्हतं. ताईने दुसऱ्या दिवसापासून तांदूळही छोट्या डावाने मोजला. एकावन्न झाले, आणि तिथेच दोन दिवस अडकले. येता-जाता प्रत्येकजण मोरीच्या भिंतीकडे बघायचा. मग काका पातेल्यात उरलेलं परत आणायला शिकले आणि आकडा पुन्हा खाली सरकू लागला.

बाराव्या दिवशी व्यवस्थापक बाई आल्या. दुसरं पिंप उघडायची वेळच आली नव्हती. मावशींनी पहिल्याचं झाकण काढलं आणि मला आत घातलं. एक, दोन, तीन. स्वयंपाकघर सोडून सगळी मोरीत गोळा झाली होती. वीस झाले. पंचवीस. काका ओठांतल्या ओठांत मोजत होते. तीस. एकतीस.

बत्तिसाव्याला मी तळाला घासलो. खर्रकन आवाज झाला.

"झालं?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

"तळ लागला," मावशी म्हणाल्या.

बाईंनी वाकून स्वतः आत बघितलं. मग सरळ उभं राहून म्हणाल्या, "मी आजच वर कळवते. स्वयंपाकघर राहील." आणि त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की त्याही महिनाभर आमच्याइतक्याच काळजीत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ताई उलट्या टोपलीवर बसली. तिने हात पदराला पुसले. कुणालाच उद्देशून नाही, असं हळूच म्हणाली, "जेवली सगळी."

मला वाटलं होतं, ते शब्द आता मला या जन्मात ऐकायला मिळणार नाहीत.

आचारी महिन्याभराने घरी गेले. जाताना वॉकर टेकत टेकत मोरीपर्यंत आले. मला धडकी भरली. आपण हौसेने घडवलेला डाव खरकट्याशेजारी टांगलेला बघून काय म्हणतील? त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, तळहातावर तोललं. "बराच जड झालास रे," म्हणाले. मग स्वतःच हसले. "की माझा हात हलका झाला." आणि त्यांनी मला त्याच खिळ्याला, नीट, दांडा वर करून टांगलं.

आता एक निळं पिंप मावशींनी धुऊन त्यात पाणी भरून ठेवलंय. दुसऱ्यात रोज माझे पंधरा-सोळा डाव निघतात. काल बारा निघाले.

तुमच्याही घरात असा एखादा डाव असेल, कुणीतरी कुणाकडे तरी बघून घडवलेला. त्याच्यावर रागावू नका, तो मापाप्रमाणेच वाढणार. तुम्ही मात्र वाढताना एकदा समोरच्या तोंडाकडे बघा. आणि तुम्हाला कुणी थोडं वाढलं, तर रुसू नका, पुन्हा मागा.

मावशींच्या बांगड्या वाजल्या. मोजायची वेळ झाली. तळ फार लांब नसावा.