पुसलेल्या तारखा

मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा आपला म्हणण्यापुरता. पुसून पुसून माझा रंग राखेसारखा झाला आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर किती तारखा लिहिल्या गेल्या आणि किती पुसल्या गेल्या, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली.

कारखान्यात माझ्या पत्र्यावर गुळगुळीत लेप चढला, तेव्हा वाटले होते, आपण शाळेत जाणार. नशिबी आली सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. तिथे एक ताई काम करत. छोट्या दवाखान्यांसाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर लिहिले होते. रुग्णाचे वजन भरले की ते औषधाचे प्रमाण सांगे. ते कुणीही फुकट वापरावे, आतला कोड पाहावा, सुधारावा, अशी मोकळीक होती. दूरदूरचे लोक हौसेने हातभार लावत. पण नवी आवृत्ती कधी काढायची आणि तिच्यात काय घ्यायचे, हे ताई एकट्याच ठरवत आणि माझ्यावर लिहीत.

सुरुवातीची वर्षे मी रुबाबात काढली. "ताईंची तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" असे लोक म्हणत. मी दगडही नव्हतो आणि काळाही नव्हतो, तरी माझी छाती फुगे.

मग नव्या सोयींच्या मागण्या वाढल्या. ताईंना कुणाला नाही म्हणता येईना. तारखेखालची यादी माझ्या चौकटीला टेकली. त्यांचे यजमान दुपारी डबा ठेवून जात आणि संध्याकाळी तो तसाच परत नेत. "अगं, जेवण पण पुढच्या आवृत्तीत का?" ते विचारत. ताईंना हसू येत नसे.

एकदा आवृत्तीला तीन दिवस उरले असताना एका दवाखान्यातल्या परिचारिकेचा फोन आला. त्या नवी आवृत्ती चाचणीसाठी वापरून पाहत होत्या.

"ताई, साडेचार किलोचं बाळ आहे. तुमचं सॉफ्टवेअर पंचेचाळीस धरतंय. मधलं टिंबच गिळलंय त्यानं. मी कागदावर ताडून पाहिलं म्हणून बरं, नाहीतर दसपट औषध गेलं असतं."

ताईंनी तो कोड उघडून पाहिला. तो बदल त्यांनीच घाईत केला होता आणि तपासायला दुसरे कुणी नव्हते.

"चूक माझीच. आजच दुरुस्त करते. तारीख नाही चुकवणार."

"रागावू नका, पण आमच्याकडे पाळ्या असतात. दमलेल्या माणसाच्या हातात आम्ही सुई देत नाही."

ताईंनी फोन ठेवला आणि फडके उचलले. मग त्यांनी तारीख पुसली. पुष्कळजण नाराज झाले. दोघे तर काम सोडून गेले. ताईंनी नव्याने लिहिले: वर्षाला दोनच आवृत्त्या. तयार असेल ते जाईल, उरलेले पुढच्या खेपेला. प्रत्येक बदल दुसऱ्याने तपासायचा. शेवटचे दोन आठवडे नवे काही घ्यायचे नाही. पुढच्या आवृत्तीची जबाबदारी एका निवृत्त औषधविक्रेत्याने आपणहून मागून घेतली. शेवटी ताईंनी स्वतःच्या नावापुढे "तीन महिने सुट्टी" असे लिहिले.

ती पुढे ढकललेली आवृत्ती सात आठवडे उशिरा निघाली. शाबासकी कुणीच दिली नाही. बाळांची वजने मात्र तिच्यात बरोबर आली.

ताई सुट्टीवर आहेत, म्हणून आता खोलीला कुलूप आहे. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी वेळापत्रक आखाल. तेव्हा माणसांच्या विश्रांतीला कोपऱ्यात उरलेली जागा देऊ नका. ती सगळ्यांत आधी लिहा. आणि फळा पुसताना ओले फडके घेऊन हलक्या हाताने पुसा. आम्हीही थकतो, फक्त आम्हाला कुणी विचारत नाही.