थेंबभर तेल

स्वप्नाने डोळे मिटले, रुपेरी पिस्तूल धरलेला हात खांद्यापर्यंत उचलला आणि श्वास अर्धा सोडला.

"अब खोल," ललितसर म्हणाले.

तिने डोळे उघडले. नळीच्या टोकाची माशी, नेम धरायचा खुंट, दहा मीटरवरच्या काळ्या वर्तुळाखाली नेमकी बसली होती. मनगट हलवावं लागलं नव्हतं, मानही नाही. पिस्तूल हाताला बसतं की नाही हे सर असंच तपासत. डोळे मिटून उचलायचं, आणि उघडल्यावर निशाण जागेवर असेल तर ते आपलं.

"पप्पा, माले हाईच बसस," ती मागे वळून म्हणाली.

मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चंदू मांड्यांवर तळहात टेकून बसला होता. त्याने मान हलवली. पलीकडच्या बाकावर कविता आणि तिची आई सुषमा बसल्या होत्या. उधन्याकडच्या शाळेच्या तळघरातल्या या रेंजवर साड्यांच्या एका व्यापाऱ्याने दोन वापरलेली एअर पिस्तुलं दिली होती, एक रुपेरी, एक काळं. पोरी दोन, पिस्तुलं दोन. दोघींनी दोन्ही पिस्तुलं तीन-तीन दिवस घरी नेऊन, भिंतीवर ठिपका लावून, धरून पाहिली होती. स्वप्नाचे गुण जास्त, म्हणून आज पहिली निवड तिची. उरलेलं कविताचं. रविवारी निवड चाचणी. निवड झाली तर अहमदाबादचं होस्टेल, राहणं-खाणं-शिकणं तिथेच. नाही झाली तर आईशेजारी बसून साड्यांचे धागे कापणं, ते तर दोघींच्याही घरी आत्ताही चालूच होतं. पुढच्या वर्षी दोघींचं वय उलटून जाणार होतं. देव असो नसो, वय कुणासाठी थांबत नाही.

"एक बात और," रुपेरी पिस्तुलाची हवेची नळकांडी घट्ट करत सर म्हणाले. "इसमें तेल कभी मत डालना. मशीन का तेल तो बिलकुल नहीं. अंदर रबर की रिंग है, तेल से फूल जाती है. आज पता नहीं चलेगा. चार दिन में हवा छोड़ने लगेगी, फिर निशाना गया. रिंग बाहर से आती है, महीना डेढ़ महीना."

चंदूला बाकी काही ऐकू आलं नसलं तरी एवढं आलं. नवागामच्या कारखान्यात बावीस वर्षं यंत्रमागांना तेल घालून आणि त्यांची दुरुस्ती करून त्याच्या कानांची पार वाट लागली होती. त्याच्याशी बोलायचं तर ओरडूनच, आणि तोही ओरडूनच बोलायचा. पण सरांचा आवाज मोठा होता.

परवा सकाळी रातपाळी करून तो घरी आला तेव्हा स्वप्ना कॉलेजला गेली होती. फळीवर रुपेरी पिस्तुलाची पेटी होती. आदल्या दिवशी तिने खटका मागे ओढताना तोंड वाकडं केलं होतं, ते त्याच्या डोक्यात होतं. मशीन कुरकुरलं म्हणजे त्याला तहान लागली, हा चंदूचा धर्म. त्याने लांब चोचीची तेलाची डबी काढली आणि जिथे जिथे सांधा दिसला तिथे एकेक थेंब सोडला. नळकांडीच्या भोकातसुद्धा. तान्ह्या लेकीच्या टाळूवर तेल घालावं तसं, हळूहळू. मग फडक्याने पुसून पेटी होती तशी ठेवली. खटका लोण्यासारखा सरकत होता. तो दिवसभर खुशीत झोपला होता.

आता तो खुर्चीच्या कडेला सरकला.

"तो यही?" सरांनी विचारलं.

"थांबा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. चंदू उठला, स्वप्नाजवळ गेला. आवाज खाली आणायचा त्याने प्रयत्न केला, पण ती कला त्याला कधी आलीच नव्हती.

"बेटा, ते दुसरं देख बरं एकदाव."

"काब्र?"

"देख ना. काळं मजबूत शे."

"ते माले मोठं व्हस, पप्पा. मूठ हातमा मावस नही."

"मी कानस मारी दिसू. लाकूडच शे ना. एक दिवसनं काम."

स्वप्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली त्याच्या हातांवर गेली, काळ्या नखांवर. चंदूने हात खिशात घातले. चोराच्या मनात चांदणं. बोलून टाकावं असं त्याला वाटत होतं, आणि बोललो तर सगळ्यांदेखत पोरीचं वर्ष आपण बुडवलं हे कबूल करावं लागेल, असंही. मग उरलेलं चांगलं, काळं पिस्तूल कविताला जाणार आणि बिघडलेलं स्वप्नाच्या वाट्याला येणार, हे तर उघडच होतं. सुषमा बाकावरून हे बघत होती. नवरा गेल्यापासून ती बमरोलीत एकटीने पोर वाढवत होती.

"सर, काळं," स्वप्ना म्हणाली.

"पक्का? तेरे हाथ में तो..."

"पक्का."

कविताने रुपेरी पिस्तूल घेतलं, डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले आणि हसली. ललितसरांनी नळकांडीला कान लावून पाहिला. चंदूचं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर होतं. गळती असली तरी ती त्याला ऐकू येणार नव्हती. सरांनी मान डोलावली. सुषमा उठून चंदूजवळ आली.

"भाऊ, चांगलं पिस्तूल सोडलं तुम्ही आमच्या पोरीसाठी," ती मोठ्याने म्हणाली, त्याला ऐकू जावं म्हणून. "मी समजले. तुम्हाला आशीर्वाद लागेल हो."

चंदूला त्या क्षणी जमीन फाटावी असं वाटलं. त्याने हात जोडले आणि जिन्याकडे निघाला.

रिक्षात दोघांच्या मध्ये काळी पेटी होती. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांचा धूर आणि रसायनांचा वास आत येत होता. चंदू मनातल्या मनात कानस शोधत होता. मुठीचं लाकूड कुठून किती खरवडायचं, मग पॉलिश पेपर, मग रविवारपर्यंत सराव. जमेल. जमवू. कविताच्या पिस्तुलाला कदाचित काही होणारही नाही, सर उगाच घाबरवत असतील. थेंबभर तेल ते काय.

स्वप्ना काहीतरी बोलली.

"काय?"

ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली. तो कान जरा बरा होता.

"माले वास येल व्हता, पप्पा."

"कसाना?"

"तेलना!" तिला ओरडावं लागलं. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. "परवाच येल व्हता. आनि आज सकाळी कान लावा तं बारीक आवाज बी येत व्हता. हवा जास त्यानी. सरले ऐकू नही उना, वर पंखा चालू व्हता."

तिला ठाऊक होतं. डोळे मिटून हात उचलला तेव्हाही.

"मंग बोलनी काब्र नही?"

"तुम्ही बोलशात म्हनीसन वाट देखत व्हती."

एवढं म्हणून ती बाहेर बघायला लागली. पेटीवरचा तिचा हात तिने काढून घेतला होता. चंदूने त्या पेटीकडे पाहिलं. हे परत गेलं तर घरात काय उरेल, याचा हिशेब करायला फार डोकं लागत नव्हतं. गळकं पिस्तूल, महिना-दीड महिना, आणि रविवार तीन दिवसांवर. सुषमाचा आपल्या जोडलेल्या हातांकडे बघणारा चेहरा त्याला आठवला, आणि ती म्हणाली होती ते सगळं त्याला नीट ऐकू आलं होतं, एकेक शब्द.

"काका, नवागाम अंदर से लूँ के बाहर से?" रिक्षावाल्याने विचारलं.

"पाछी वाळो, भाई," चंदू म्हणाला.

"क्या?"

बावीस वर्षांत त्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. त्याने पेटी उचलून मांडीवर घेतली, घसा साफ केला आणि रिक्षा मागे, रेंजकडे वळवायला पुन्हा मोठ्याने सांगितलं.