सहाव्या फाऊलची शिट्टी

आपल्याला आता कोणी वाजवू नये असं जिला स्वतःलाच वाटतं, अशी मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, शिट्टीच्या तोंडी हे शोभत नाही, हे मला कळतं. पण माझी हकिगत ऐकलीत तर तुम्हीही म्हणाल, हिचं काही चुकलं नाही.

ओहायोतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाख देऊन सांधे जोडले आणि बुचाची एक गोळी माझ्या पोटात दाबून बसवली. ती गोळी नाचते तेव्हा माझा आवाज थरथरतो आणि खच्चून भरलेल्या सभागृहातही दहाजणांची पावलं जागच्या जागी थांबतात. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. किती होता, ते आता सांगवत नाही.

यंग्सटाऊन या पोलादाच्या गावात मला आयरीन हुडाक या बाईने विकत घेतलं. ती एका खाणावळीत वाढपीण होती. तिचा नवरा लेनी दिवसा भट्टीवर काम करायचा आणि संध्याकाळी शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. तोवर तो उसन्या शिट्टीवर भागवत होता. आयरीनने मला काळ्या दोरीत ओवलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. लेनीने गॅरेजमध्ये आरशासमोर उभं राहून मला फुंकलं, हात वर केला, मूठ आवळली. शेजारचा कुत्रा रडायला लागला. आयरीन हसून म्हणाली, "बघ, पहिला प्रेक्षक आत्ताच चिडला. म्हणजे तू चांगला पंच होणार."

आणि तो झाला. एकदा आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मुलांचा अंतिम सामना होता. आयरीनच्या भावाचा मुलगा शेवटच्या क्षणी समोरच्याला ढकलून पुढे गेला. लेनीने मला वाजवलं. बास्केट रद्द झाली, सामना गेला.

"अरे, घरचा माणूस ना तू?" मेहुणा बाकावरून ओरडला.

"घरी आहे घरचा. इथे नाही," लेनी म्हणाला.

मेहुणा बरेच दिवस बोलला नाही. आयरीनने मात्र त्या रात्री लेनीच्या ताटात पिरोह्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, जरा जास्तच वाढल्या. मित्रांनो, त्या दिवसासारखी मी पुन्हा कधी वाजले नाही.

शाळांवरून कॉलेजांत, कॉलेजांवरून व्यावसायिक लीगमध्ये, असं करत आम्ही वर चढलो. तेव्हा सामन्याला दोनच पंच असायचे. लेनीचा जोडीदार बहुतेक वेळा व्हर्नन टिबेट्स असे. व्हर्नन वयाने मोठा, काळा, उंच आणि कमी बोलणारा माणूस. त्याला वर यायला लेनीपेक्षा दुप्पट वेळ लागला होता आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. तो लेनीला म्हणाला होता, "तुझी शिट्टी घाई करत नाही आणि उशीरही करत नाही. बाकी सगळं शिकवता येतं, हे येत नाही."

मी तर हवेत होते.

यंग्सटाऊनच्या भट्ट्या तोवर बंद पडायला लागल्या होत्या. लेनीच्या जुन्या सोबत्यांपैकी कोणी गाव सोडून गेला, कोणी दिवसभर बारमध्ये बसू लागला. लेनीला मात्र लोक रस्त्यात थांबवून टीव्हीवर पाहिल्याचं सांगायचे. त्याला ते आवडायचं. एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर खाणावळीत त्याच्या समोर डॉम फेरान्ते येऊन बसला. डॉम त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं गाड्या धुण्याचं दुकान होतं, पण त्याची कमाई गाड्यांवर नव्हती, हे गावातलं पोरगंही जाणत होतं. डॉम सट्टा घ्यायचा.

"काय रे साहेब, आता आम्हाला ओळखतोस तरी का?" डॉम म्हणाला.

"तुला ओळखत नाही म्हणालो तर बिल मलाच भरावं लागेल," लेनी हसला.

"बिलाचं सोड. मंगळवारी लुईव्हिलच्या संघाचं काय होणार, सांग. तुला काय, आतलं सगळं माहीत."

लेनीने सांगितलं. कोणाचा घोटा सुजलाय, कोणता प्रशिक्षक पंचांशी भांडून आपल्याच संघाचं वाटोळं करतो, हे पंचाला माहीत असतंच. लेनी ते ऐटीत सांगून गेला. मंगळवारी त्याचं बोलणं खरं ठरलं. पुढच्या रविवारी डॉमने टेबलाखालून एक पाकीट पुढे केलं. लेनीने ते परत सरकवलं. डॉमने पुन्हा पुढे केलं.

"अरे, तू कुठे काय केलंस? नुसता बोललास. मित्राशी बोलायला बंदी आहे का?"

लेनीने पाकीट कोटाच्या खिशात टाकलं. त्याच खिशात मी होते. पाकिटाची कड मला टोचत राहिली.

तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बास्केटबॉलवर सट्टा लावणारे नुसतं कोण जिंकणार यावर पैसे लावत नाहीत. किती गुणांनी जिंकणार, यावर लावतात. सट्टेवाले म्हणतात, अमुक संघ सात गुणांनी पुढे राहील. मग कोणी म्हणतं त्याहून जास्त, कोणी म्हणतं कमी. म्हणजे जिंकणारा जिंकला तरी चालतं, मधला फरक तेवढा वरखाली झाला पाहिजे. आणि तो वरखाली करायला एकच माणूस पुरतो. माझी दोरी ज्याच्या गळ्यात असते तो.

डॉमने हे त्याला वेगळ्या शब्दांत सांगितलं. "कोणाचं नुकसान नाही, लेनी. जिंकायचे ते जिंकणारच. तू फक्त थोडं मोजूनमापून वाजव."

लेनीने बिलाचे पैसे टेबलावर टाकले आणि उठून गेला. पुढचे काही रविवार तो त्या खाणावळीत फिरकला नाही. पण एक दिवस सार्वजनिक फोनच्या पेटीपाशी उभं राहून त्याने स्वतःच डॉमचा नंबर फिरवला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरात खायला होतं. मुलीची फी भरलेली होती. मला वाटतं, कोणीतरी आपल्यावाचून अडून बसलंय, ही गोष्टच त्याला गोड लागली असावी.

मित्रांनो, माणसाच्या मनातलं शिट्टीला दिसत नाही. पण माझ्यात येणारा श्वास मला कळतो. पंचाने चूक पाहिली की त्याचा श्वास दचकून येतो, आखूड आणि गरम. त्या हिवाळ्यात मला एक निराळा श्वास ओळखू यायला लागला. काही घडायच्या आधीच छातीत भरून ठेवलेला, वाट बघत थांबलेला. तो आला की मी समजून जायची. आणि तरी वाजायची. तेवढ्याच मोठ्याने, तेवढ्याच खणखणीतपणे. आतली गोळी एकदा तरी अडकावी, एवढंसुद्धा माझ्याने झालं नाही.

त्या मोसमाच्या शेवटी सेंट लुईसच्या संघाचा अखेरचा साखळी सामना होता. जिंकले तर ते पुढच्या फेरीत जाणार होते. त्यांचा कर्णधार कॅल्व्हिन प्रूइट. त्याचे केस पिकायला लागले होते आणि दोन्ही गुडघ्यांना जाड पट्ट्या होत्या. हा आपला शेवटचा मोसम, हे त्याने आधीच जाहीर केलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी तो पंचांशी हात मिळवायला आला.

"लेनी, आज माझ्या गुडघ्यांकडे बघू नकोस, हातांकडे बघ. हात अजून तरुण आहेत," तो म्हणाला.

"हातांकडेच बघतो मी," लेनी म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता. त्याच्या गळ्याशी धडधडणारी शीर फक्त मलाच लागत होती.

सेंट लुईसने मोठ्या फरकाने जिंकू नये, असा डॉमचा डाव होता. पण प्रूइट त्या दिवशी कोणाला ऐकेना. त्याने फरक वाढवत नेला. मग लेनी त्याच्यावर वाजवत राहिला. एक धक्का खरा होता, एक अर्धा खरा, एक अजिबात नाही. प्रूइटचे पाच फाऊल झाले. सहावा झाला की खेळाडूला बाहेर बसावं लागतं.

खेळाचं शेवटचं सत्र चालू होतं. समोरचा पोरगा बास्केटकडे झेपावला. प्रूइट त्या दुखऱ्या गुडघ्यांवर उडाला आणि त्याने चेंडू वरच्या वर थोपवला. हात फक्त चेंडूला लागला होता. सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

लेनीचा श्वास मात्र आधीच भरलेला होता.

मी वाजले.

प्रूइट भांडला नाही. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग लेनीकडे पाहिलं, आणि बाकावर जाऊन टॉवेलखाली डोकं घातलं. तो गेल्यावर संघाचा धीर सुटला. फरक कमी झाला, मग उरलाच नाही. लेनीला फक्त फरक कमी हवा होता. सेंट लुईस एका गुणाने हरलं.

पंचांच्या खोलीत व्हर्ननने दार लावून घेतलं.

"तो सहावा. मी पलीकडून बघत होतो, लेनी. हात चेंडूलाच लागला."

"माझ्या बाजूने मनगटाला लागलेला दिसला."

"चूक झाली असेल तर तसं म्हण. चुका माझ्याही होतात. मला एवढंच सांग, ती चूकच होती ना?"

लेनी बुटांच्या नाड्या सोडत होता. वर न बघता तो म्हणाला, "माझ्या पोरीची शपथ, जे दिसलं ते दिलं."

व्हर्ननने लेनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बाहेर गेला. वार्ताहर थांबलेच होते. व्हर्ननने त्यांना सांगितलं, "माझ्या जोडीदाराने जे पाहिलं ते दिलं. त्याच्या शिट्टीची जबाबदारी मी घेतो."

दाराआडून आम्ही दोघांनी ते ऐकलं. लेनी मला मुठीत इतकं घट्ट आवळून बसला होता की माझी कड त्याच्या तळव्यात रुतली.

पोलिसांनी डॉमचा फोन दुसऱ्याच कुठल्या प्रकरणासाठी चोरून ऐकायला घेतला होता. त्यात त्यांना लेनीचा आवाज सापडला. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी आयरीन कणीक लाटत असताना लांब कोट घातलेले दोघेजण दारात उभे राहिले. लेनीने सगळं कबूल केलं. आयरीन पिठाच्या हातांनी तशीच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "किती वेळा विचारलं मी, काय झालंय तुला? म्हणायचास, सर्दी आहे."

लेनी तुरुंगात गेला. व्हर्ननचीही चौकशी झाली. त्याच्या अंगाला काहीच लागलं नाही, सगळं स्वच्छ निघालं. पण लोकांना निकाल वाचायला वेळ नसतो. तो मैदानात उतरला की वरून सुटी नाणी पडायची. "म्हाताऱ्या, तुझा वाटा किती होता रे?" असं लोक ओरडायचे. त्याच्या प्रत्येक खऱ्या शिट्टीला माझ्या खोट्या शिट्टीचा वास येऊ लागला. पुढच्या मोसमाआधीच त्याने काम सोडलं. लेनीने तुरुंगातून त्याला पत्रं लिहिली, पण त्याचं उत्तर कधी आलं नाही.

मला आयरीनने तळघरात एका डब्यात टाकलं. माझ्यावर हिरवट डाग चढले, दोरी कुजली, पोटातली गोळी सुकून बारीक झाली. अशा अडगळीत पडलेल्या वस्तू सहसा कुरकुर करतात. मी केली नाही. मला तो अंधार बरा वाटला.

सुटून आल्यावर लेनी एका बेकरीत पावाच्या गाड्या भरायला लागला. एक दिवस त्याने मला शोधून काढलं, पुसलं, खिशात घातलं आणि दिवसभर गाडी चालवत सेंट लुईसला गेला. प्रूइट तिथल्या एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवत होता. दुपारची वेळ होती. मुली पळून दमून पाणी प्यायला गेल्या होत्या. प्रूइटने लेनीला दारातच ओळखलं.

"सांगायला आलास की ऐकायला?" त्याने विचारलं.

लेनीने माफी मागितली. वाटेत बरंच जुळवून आणलं होतं, त्यातलं निम्मं विसरला. शेवटी मला तळहातावर घेऊन पुढे केलं. "ही तुझ्याकडे ठेव. मोड, फेकून दे, काहीही कर."

प्रूइटने माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"त्या दिवशी माझी आई आली होती सामन्याला," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा. तिला गर्दीची भीती वाटायची. पण शेवटचा सामना म्हणून आली. घरी जाताना गाडीत म्हणाली, 'कॅल्व्हिन, लहानपणापासून सांगते, हात आवर. एवढ्या पोरांचा खेळ घालवलास.' मी म्हणालो, आई, मी हात लावलाच नव्हता गं. तर म्हणाली, 'असं कसं? त्या पंचाला का खोटं बोलायचंय? शिट्टी ऐकली ना मी.'"

लेनीने मला हळूच मुठीत मिटून घेतलं.

"तुझं नाव पेपरात यायच्या आधीच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती गेली," प्रूइट म्हणाला. "तुला माफ करायचं, तर माझ्यापुरतं मी करीनही कधीतरी. तिच्या वतीने कसं करू, ते तूच सांग."

मुली परत आल्या. प्रूइट त्यांच्याकडे वळला. लेनी गाडीत येऊन बसला, मला समोरच्या काचेपाशी ठेवलं आणि दोन्ही हातांच्या तळव्यांत तोंड झाकून घेतलं. मला तर तोंड झाकायचीही सोय नव्हती.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणाच्या गळ्यात माझी एखादी बहीण असेल. तिला धुवा, पुसा, कोरडी ठेवा. पण एवढ्याने तिची काळजी घेतली असं समजू नका. तिचा आवाज लोकांना खरा वाटतो, हीच तिची सगळी जिंदगी असते. आम्हाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागतं. आपली फुंकर ऐकून वरच्या बाकावर बसलेली कोणाची तरी आई आपल्याच लेकराला खोटं ठरवणार आहे, हे आधी मनात आणा. आणि मग श्वास घ्या.