बिनलिंगाचा घास

रझाकारांनी माझ्या भावाला, कल्याणप्पाला, उन्हाळ्यात येरमाळ्याच्या बाजारातून उचललं आणि भादव्यात हिंदुस्थानच्या फौजेनं सोडवलं. आमच्या भागातली तरणी पोरं रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात जाऊन मिळाली होती. ती हवाली होईपर्यंत कल्याणप्पासकट पाच-सातजण ओलीस, गढीतल्या एका अंधाऱ्या खोलीत. हे सगळं मला मागाहून कळलं. तो दारात आला तेव्हा मला एवढंच दिसलं, की त्याच्या गळ्यात लिंग नाही.

आम्ही लिंगायत. जन्मल्यावर गळ्यात लिंग बांधतात ते मेल्यावर सोबतच मातीत जातं. तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, आणि हरवलंच तर जंगमाकडून, म्हणजे आमच्या पुरोहिताकडून, दुसरं बांधून घेईपर्यंत उपास. कल्याणप्पानं उंबरा ओलांडला नाही. गोठ्यात जाऊन बसला तो तिथलाच झाला. भाकरी नेऊन ठेवली की कुणी बघत नाही असं बघून दोन घास गिळायचा आणि उरलेली म्हशीपुढं टाकायचा. दिवसेंदिवस ते दोन घासही कमी होत चालले.

मी त्याची थोरली बहीण, इरम्मा. नवरा गेल्यापासून याच घरात. जीभ माझी तिखट आहे हे गावात कुणीही सांगेल, पण त्याच्यापुढं मीसुद्धा आवाज चढवत नव्हते. त्याची बायको प्रेमाबाई तर पावलं न वाजवता चालायची.

आम्हाला वाटलं, दुखणं एवढंच आहे. नवं लिंग बांधलं की माणूस ताळ्यावर येईल. सोमवार धरून प्रेमाबाईनं जंगमअय्यांना बोलावलं. बोलावलं नव्हतं तेही आले, आणि गोठ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. अय्यांनी मंत्र म्हटला, नवं लिंग दोऱ्यात ओवलं आणि दोरा त्याच्या डोक्यावरून खाली सोडला.

दोरा मानेला लागला मात्र, कल्याणप्पा किंचाळला. दोन्ही हातांनी दोरा ओरबाडून काढला आणि भेलकांडत गव्हाणीत पडला. बायका कुजबुजायला लागल्या, "लिंग नगं म्हनतुया! बाटला काय की." मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि सगळ्यांना वाटेला लावलं. इतके महिने यांच्यापैकी कुणी प्रेमाबाईला साधी हाक मारली नव्हती, आणि आता आल्या होत्या तमाशा बघायला.

अय्या म्हातारे, पण रागावले नाहीत. लिंग फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिलं. म्हणाले, "देव्हाऱ्यात ठिवा. घाई न्हाय. त्यानं मागितलं की मला हाक मारा."

सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले. तो आपणहून बोलला.

"अक्का, मानेला दोर बांधून हिंडवलं त्यांनी."

"कळलं रं मला. चुकलंच आमचं."

"तेवढंच न्हाय. लिंग तोडून घेतलं तवाच म्या ठरिवलं, खायाचं न्हाय, मरायचं. भूमकडचा एक शेतकरी हुता, महारुद्र. त्यानं आपली भाकर मोडून माज्या तोंडात घातली. म्या खाल्ली, अक्का. बिनलिंगाची खाल्ली. लई ग्वाड लागली. मंग रोजच खाल्ली. एक दिस माजं नाव पुकारलं. मला उभं ऱ्हावंना. तर त्योच उठला, म्हनला मीच कल्याणप्पा. त्यो परत आला न्हाय. आता ह्या गळ्यात कंचं लिंग बांधू?"

आधी मला त्या महारुद्राचाच राग आला, माझ्या भावावर एवढं ओझं टाकून गेला म्हणून. मग त्या रागाची इतकी लाज वाटली की मी उठून बाहेर गेले.

भूमच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाजवळ मी महारुद्राच्या बायकोला, येऊन भेट म्हणून, निरोप धाडला. प्रेमाबाई माझ्यावर उखडली.

"ती बाई शिव्याशाप द्याया लागली तर?"

"देऊ दे. हितं गप बसून तरी त्यो कुठं जगतोय?"

महारुद्राची बायको आली. धुरपदाबाई तिचं नाव. कपाळ मोकळं, दिराच्या गाडीतून आलेली, अंगावर वाटेचा धुरळा. पाणीसुद्धा न घेता ती गोठ्यात जाऊन त्याच्यासमोर बसली. कल्याणप्पानं खाली मान घालून तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता.

"जाताना काय म्हनले?" तिनं विचारलं.

"म्हनले, तू जेव, म्या आलोच."

ती पदर तोंडात धरून रडली. आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही. शेवटी प्रेमाबाईनं दोन ताटं आणून ठेवली. कल्याणप्पानं आपलं ताट हळूच बाजूला सारलं. ते बघितलं आणि धुरपदाबाई कडाडली.

"माज्या मालकानं तोंडातला घास काढून तुमाला घातला, त्यो काय ह्या गोठ्यात वाळून मरायसाठी? तुमी असंच जानार असाल तर माजा मानूस कशापायी गेला, ते आदी सांगा! माज्या लेकरांस्नी म्या काय सांगू?"

घरी आल्यापासून त्याच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं डावा तळहात माझ्यापुढं पसरला.

"अक्का, अय्यांना हाक मार."

अय्या तसेच उघड्या अंगानं आले. देव्हाऱ्यातलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. प्रेमाबाईनं खालून आपल्या हाताचा आधार दिला. पूजा झाली. अय्या म्हणाले, "गळ्यात न्हाय, दंडाला बांधतो," आणि बांधलं.

मग कल्याणप्पा उठला आणि धुरपदाबाईला म्हणाला, "आत चला, वैनी." भिंतीला धरत त्यानं उंबरा ओलांडला. दोघं स्वयंपाकघरात शेजारी बसली. मी वाढत होते. पहिला घास त्यानं बराच वेळ तोंडात घोळवला. आम्ही सगळ्या जीव मुठीत धरून त्याच्याकडं बघत होतो.

"अक्का," तो म्हणाला, "कालवणात मीठ कमी हाय."

कालवणाला नाव ठेवलेलं आयुष्यात पहिल्यांदा मी उलट न बोलता ऐकून घेतलं. मिठाचं मडकं आणायला वळले, तर ते समोर असूनही मला दिसेना.